मुदतीआधी भाड्याचं घर सोडताना: एजन्सीशी होणाऱ्या वादाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती महाराष्ट्रातल्या राहत्या घरांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराबद्दल आहे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घरात राहायची परवानगी देणाऱ्या कराराबद्दल. दुकान, ऑफिस किंवा जुन्या पागडीच्या घराचे नियम वेगळे आहेत.

घर सोडायचं ठरलं. सगळ्यात आधी काय बघायचं?

करार काढा आणि पहिल्या पानावर "लायसन्सर", म्हणजे घर देणारा, म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. मग बँकेचं स्टेटमेंट काढून डिपॉझिट कोणाच्या खात्यात गेलं ते बघा. दोन्हीकडे एकच नाव असेल तर काम सोपं. बऱ्याचदा मात्र करार मालकाच्या नावे असतो आणि डिपॉझिट एजन्सीच्या खात्यात गेलेलं असतं. मग घर सोडताना दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

एजन्सीचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, निव्वळ ब्रोकर. त्याने दलाली घेतली, त्याचं काम संपलं. लॉक-इनचे, म्हणजे ठरलेल्या काळाआधी सोडल्याचे, पैसे मागायचा त्याला काही अधिकार नाही. दुसरा, मालकाच्या वतीने घर सांभाळणारी एजन्सी. तिच्याकडे कुलमुखत्यारपत्र किंवा मालकाचं अधिकारपत्र असायला हवं, आणि त्याची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तिसरा, मालकाकडून घर घेऊन स्वतःच्या नावाने पुढे देणारी कंपनी. को-लिव्हिंगवाले बहुतेक या प्रकारात मोडतात. इथे तुमचा समोरचा पक्ष कंपनीच आहे, मालक नाही.

मालक अमेरिकेत किंवा दुबईत असेल तर त्याला बऱ्याचदा या वादाचा पत्ताच नसतो. करारात त्याचा ईमेल आणि पत्ता असतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मेलमध्ये त्यालाही घ्या. निम्मे वाद तिथेच मऊ पडतात.

लॉक-इन आणि नोटीस पिरियड एकच का?

नाही. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडता येणार नाही असं ठरलंय तो काळ. नोटीस पिरियड म्हणजे सोडण्याआधी जितके दिवस कळवायचं तो काळ. अकरा महिन्यांच्या करारात सहा महिने लॉक-इन आणि एक महिना नोटीस असं सर्रास असतं.

खरी गोम शब्दांत असते. "लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन" असं लिहिलं असेल तर लवकरात लवकर सातव्या महिन्याच्या शेवटी सुटता येतं. नुसतं "लॉक-इन काळात करार संपुष्टात आणता येणार नाही" एवढंच असेल तर पाचव्या महिन्याच्या शेवटी नोटीस देऊन सहावा संपताना निघण्यात अडचण नाही. एजन्सीचा माणूस फोनवर पहिलाच अर्थ सांगणार, कारण एक महिन्याचं भाडं जास्त मिळतं. कलम स्वतः वाचा. लॉक-इन दोघांनाही लागू आहे की फक्त तुम्हाला, हेही तिथेच कळेल.

लॉक-इन मोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं द्यावंच लागतं का?

आपोआप नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यात आणि पुन्हा २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात हेच तत्त्व मांडलं: नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. नुकसान मोजणंच अवघड असेल तिथे आधी ठरवलेली वाजवी रक्कम मिळू शकते, पण घरभाड्याचं नुकसान मोजायला अजिबात अवघड नसतं. घर किती दिवस रिकामं राहिलं आणि नंतर किती भाड्याने गेलं, एवढाच हिशेब.

त्याच कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्यासाठी काय उपाय हाताशी होते तेही बघितलं जातं. म्हणजे मालकाने घर दाखवायचं, जाहिरात टाकायची. कुलूप लावून बसायचं आणि तीन महिन्यांचं भाडं तुमच्याकडून वसूल करायचं, हे चालत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्या. घर खरोखरच दोन महिने रिकामं पडलं आणि एजन्सीने प्रयत्न केल्याचं दाखवलं तर ते दोन महिने तुमच्या अंगावर येऊ शकतात. "बदली झाली" हे कारण करारात लिहिलेलं नसेल तर कायद्याने आपोआप सुटका मिळत नाही.

एजन्सीने पाठवलेला हिशेब तपासायचा कसा?

उदाहरणाने बघू. भाडं २८,००० रुपये, डिपॉझिट ८४,०००. करार १ जूनपासून अकरा महिन्यांचा, लॉक-इन ३० नोव्हेंबरपर्यंत. भाडेकरूने १ ऑगस्टला लेखी नोटीस दिली, ३१ ऑगस्टला घर रिकामं केलं, ऑगस्टपर्यंतचं भाडं भरलेलं आहे. एजन्सीची मागणी अशी येते: लॉक-इनचे तीन महिने ८४,०००, नोटीसचा एक महिना २८,०००, रंग १४,०००, साफसफाई ३,५००, नवीन कराराचा खर्च ८,०००. एकूण १,३७,५००. म्हणजे डिपॉझिट गेलंच, वर ५३,५०० द्या.

आता एकेक ओळ घ्या. नोटीस दिली होती आणि त्या महिन्याचं भाडंही भरलं, तेव्हा २८,००० दुसऱ्यांदा लावलेत. ते उडाले. नवीन भाडेकरू २० सप्टेंबरपासून आला असेल तर घर रिकामं राहिलं १९ दिवस. २८,००० भागिले ३०, गुणिले १९, म्हणजे १७,७३३ रुपये. नवं भाडं २७,००० असेल तर २० सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळाचा महिना १,००० प्रमाणे फरक धरा, २,४०० च्या आसपास. नवं भाडं जास्त असेल तर तो फायदा तुमच्या बाजूला मांडा.

नवीन कराराच्या ८,००० ची पावती मागा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. वरच्या आकड्यांवर ते आठशेच्या आतच येतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणीसाठी घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्याची फी त्याहून वेगळी. सगळं धरूनही ८,००० होणं कठीण आहे, आणि मुळात हा खर्च तुमच्यावर टाकणारं कलम करारात आहे का, ते बघा.

साफसफाईचं बिल खरं असेल तर ३,५०० मान्य करा. उगाच प्रत्येक रुपयावर अडून बसलं की मोठ्या रकमेचा मुद्दा पातळ होतो. राहिला रंग. त्याचं पुढे बघू. नवं भाडं तेवढंच धरलं तर ८४,००० मधून १७,७३३ आणि ३,५०० वजा जाता ६२,७६७ रुपये परत यायला हवेत. "पन्नास तरी द्या" असं बोलण्यापेक्षा हा आकडा, वजाबाकीसकट, ईमेलमध्ये टाका.

नवीन भाडेकरू कधी आला, हे मला कसं कळणार? एजन्सी तर सांगणार नाही.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. नव्या कराराची नोंदणी झाली असेल तर त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, तिथे दिसते. त्यात भाडं, डिपॉझिट, मुदत आणि नोंदणीची तारीख असते. आधी स्वतःचा करार शोधून बघा. तुमच्या नोंदीत सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) ज्या पद्धतीने टाइप केलाय तोच पुढच्या शोधात वापरा. "फ्लॅट नं. ३०२" आणि "सदनिका ३०२" अशा फरकाने नोंद हुकते. दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा शोधा. त्याच घराची जाहिरात ज्या दिवशी संकेतस्थळांवरून निघाली त्या दिवसाचा स्क्रीनशॉटही ठेवा. सोसायटीच्या वॉचमनचं म्हणणं कानावर घ्या, पण पुरावा म्हणून त्यावर भिस्त नको.

आमचा करार फक्त नोटरी केलेला आहे, नोंदवलेला नाही. मग?

मग तुमची बाजू उलट बळकट होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून सहा महिन्यांचं लॉक-इन लावणाऱ्या एजन्सीला पत्रात या कलमाचा नुसता उल्लेख केला तरी सूर बदलतो.

एजंट म्हणाला होता, "कधीही सोडा, काही प्रॉब्लेम नाही." हे धरून चालेल का?

नोंदणीकृत करार असेल तर अवघड आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये लेखी लायसन्स करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानलाय. मात्र करारानंतर एजन्सीने व्हॉट्सअ‍ॅपवर "३१ ला सोडलं तरी चालेल, पेनल्टी नाही" असं लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं जपा. चॅट एक्सपोर्ट करा आणि फोन विकू नका किंवा फॉरमॅट करू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर दिली तर चालते का?

करारात नोटीस कशी द्यायची ते लिहिलेलं असतं, तसंच करा. बहुतेक ठिकाणी "लेखी" एवढंच असतं. तरी ईमेल आणि पोस्ट दोन्ही पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो टाका. जुन्या करारांत "रजिस्टर एडी" लिहिलेलं असतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि ट्रॅकिंगचं पान पीडीएफ करून ठेवा.

मजकूर चार ओळींचा पुरे: "दि. ... च्या नोंदणीकृत करारातील कलम ... नुसार मी ही एक महिन्याची नोटीस देत आहे. सदनिका क्र. ... चा रिकामा ताबा दि. ... रोजी देईन. त्या दिवशी संयुक्त पाहणीसाठी आपली वेळ कळवावी. घर आजपासून नवीन इच्छुकांना दाखवण्यास माझी हरकत नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. उद्या घर रिकामं राहिलं म्हणून भरपाई मागितली तर तुम्ही घर दाखवू दिलं होतं, हे त्या एका ओळीवरून दिसतं. कारणांचा पाढा, माफी, घरच्या अडचणी यातलं काही नको.

शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं केलं तर?

हा सल्ला ऑफिसात प्रत्येक जण देतो. बहुतेक करारांत त्याला स्पष्ट मनाई असते आणि मग तुम्ही थकबाकीदार ठरता. वर ठरलेल्या तारखेनंतरही घरात राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई लागू शकते. एजन्सी विश्वासातली वाटत नसेल तर शेवटच्या महिन्याचं भाडं वळतं करण्याची लेखी संमती मागा. अनेक मालक ती देतात, कारण त्यांनाही शेवटी मोठी रक्कम एकदम काढायची नसते. काही करारांत "डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडं न देता राहण्याचा हक्क" लिहिलेला असतो. तो असेल तर वेगळी गोष्ट.

ताबा देताना काय काय करायचं?

आधी ताबा, मग वाद. भाडं चढतं ते ताबा तुमच्याकडे असेपर्यंत. हिशेब पटला नाही म्हणून चाव्या धरून ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

सामान गेल्यावर, झाडू मारून झाल्यावर, दारापासून दारापर्यंत एक सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक नळ, गीझर, पंखा, दिवा चालू करून दाखवा. ओट्याखालचं कपाट, बाथरूमच्या कोपऱ्यातली ओल, खिडकीच्या काचा. शेवटी महावितरणच्या मीटरवरचा आकडा, पाइप गॅस असेल तर त्याचाही. चाव्या हातात मोजा: मुख्य दार, सेफ्टी डोअर, लेटरबॉक्स, पार्किंगचा रिमोट.

ताबा पावती दोन प्रतींत: "आज दि. ... रोजी सायं. ... वाजता सदनिकेचा रिकामा ताबा व ... चाव्या मिळाल्या. वीज मीटर वाचन ... . डिपॉझिट रु. ८४,००० जमा आहे. हिशेबाबाबत दोन्ही पक्षांचे हक्क राखून." एजन्सीचा छापील फॉर्म पुढे आला तर त्यात "फुल अँड फायनल" किंवा "कोणतीही तक्रार नाही" हे शब्द शोधा. पैसे खात्यात आले नसतील तर ते खोडून शेजारी सही करा. ॲपवर ओटीपी मागत असतील तर ओटीपी कशासाठी आहे ते स्क्रीनवर वाचल्याशिवाय देऊ नका. तो चाव्यांसाठी नसून हिशेब मान्य केल्याचा असू शकतो.

एजन्सीचा माणूस येतच नाही, चाव्या घेतच नाही.

ठरलेल्या दिवशी सोसायटीच्या मॅनेजरला किंवा सेक्रेटरींना साक्षीला बोलावा, व्हिडिओ काढा आणि त्याच संध्याकाळी मालक व एजन्सी दोघांना ईमेल करा: घर रिकामं आहे, चाव्या घ्यायला कोणी आलं नाही, आजपासून ताबा माझ्याकडे नाही. दोन दिवस वाट बघून चाव्या पाकिटात घालून करारातल्या मालकाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. वॉचमनकडे सोडून जाऊ नका.

रंगाचे पैसे कापणं बरोबर आहे का?

करारात रंगाचं कलम असेल तर ते लागू, पण तेही किती राहिलात याच्या प्रमाणात असावं असं मांडा. कलम नसेल तर नेहमीच्या वापराची झीज तुमच्या माथी मारता येत नाही. खिळ्यांची भोकं, मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रं, फुटलेली बेसिन यांचे पैसे द्यावे लागतील. वरच्या मजल्यावरून झिरपलेल्या पाण्याने उडालेला रंग, खारं पाणी लागून गंजलेला नळ, दहा वर्षं जुन्या गीझरची कॉइल यांचे नाही. तीन महिने राहून घेतलेल्या पूर्ण रंगाचे १४,००० तर सरळ नाकारा. इथे राहायला आल्या दिवशीचे फोटो नसतील तर बाजू लंगडी पडते. पुढच्या घरासाठी एवढं करा.

सोसायटीचं बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावलेलं) काही एजन्स्या भाडेकरूच्या हिशेबात घालतात. ते सोसायटी मालकाकडून घेते, आणि २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. करारात तुम्ही पत्करलं नसेल तर ती ओळ काढायला लावा.

त्यांनी कुलूप बदललं, किंवा सामानाचा टेम्पो गेटवर अडवला तर?

कोर्टाच्या किंवा प्राधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय कुलूप बदलून बाहेर काढता येत नाही. ११२ वर फोन करा, पोलीस ठाण्यात किमान एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून तिची प्रत घ्या. टेम्पोच्या बाबतीत बहुतेकदा अडवते ती सोसायटी, मालकाची एनओसी नाही म्हणून. ती एनओसी चार दिवस आधी लेखी मागून ठेवा. नाही मिळाली तर सेक्रेटरींना मागणीचा ईमेल दाखवा. थकबाकी नसल्याचा पुरावा हातात असला की सहसा गेट उघडतं.

डिपॉझिट येत नाही. कुठे जायचं?

आधी पंधरा दिवसांची मुदत देणारं पत्र, हिशेबासह. वकिलाचीच नोटीस लागते असं नाही, पण वकिलाच्या लेटरहेडवर गेल्यावर बरेच पैसे सुटतात हेही खरं.

महारेराकडे जाऊ नका. ते विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे, भाड्याच्या तक्रारी तिथे चालत नाहीत. भाडे कायद्याखालचे सक्षम प्राधिकारीही मालकाला ताबा मिळवून देण्यासाठी आहेत, तुमचं डिपॉझिट काढून द्यायला नाहीत.

एजन्सीने दलाली किंवा सेवाशुल्क घेतलं असेल तर ग्राहक आयोगाची वाट आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार टाका. मोठ्या कंपन्या तिथे उत्तर देतात. मग जिल्हा ग्राहक आयोग: मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं, तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून करारात "फक्त बंगळुरूचे न्यायालय" लिहिलं असलं तरी घाबरू नका. तक्रार मात्र सेवेतल्या त्रुटीची मांडा: डिपॉझिट स्वतःकडे ठेवलं, हिशेब दिला नाही, खोटी बिलं लावली. नुसता मालक आणि भाडेकरूमधला पैशाचा वाद असेल तर आयोग तो दिवाणी कोर्टाकडे दाखवू शकतो.

मालकाकडून वसुलीसाठी दिवाणी दावा, मुदत साधारण तीन वर्षं. कोणत्या कोर्टात हे मुंबईत आणि पुण्यात वेगळं ठरू शकतं, ते वकिलाला विचारा. साठ-सत्तर हजारांसाठी दाव्याचा खर्च आणि वेळ बघता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करणं परवडतं. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. मात्र समोरचा आलाच नाही तर त्याला आणता येत नाही.

त्यांनी पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो वटला नाही.

हे खरं तर तुमच्या पथ्यावर पडतं. बँकेचा परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग त्यांना १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक न वटण्याबद्दलच्या) कलम १३८ ची तक्रार. एकही तारीख चुकवू नका. चेक तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकायला हवा.

तिघं मित्र राहतो, मी एकटाच निघतोय.

करारावर तिघांची नावं असतील तर एजन्सी उरलेल्या दोघांकडून पूर्ण भाडं मागू शकते. बदली माणूस आणा, पण त्याचं नाव करारात लेखी चढवून घ्या आणि तुमच्या वाट्याचं डिपॉझिट त्याच्याकडून थेट घ्या. एजन्सीकडून काढण्यात महिना जातो.

टीडीएसचा याच्याशी काय संबंध?

भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर २ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच कापून सरकारकडे भरायचा कर, भाडेकरूने कापायचा असतो आणि वर्षाच्या मध्येच घर सोडलं तर शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून. तो विसरलात की नंतर मालकाकडून मागावा लागतो, आणि वाद चालू असताना कोण देतो? मालक अनिवासी भारतीय असेल तर ५०,००० ची मर्यादाच नाही, दर साधारण ३१.२ टक्के. अंतिम हिशेब मान्य करण्याआधी सीएला एक फोन करा.